कोनशिलेपासून कळसापर्यंत

सार्वजनिक कामाचा आरंभ पाहण्याचे प्रसंग आपल्या देशांत पुष्कळ येतात. शेवट पाहण्याचे मात्र थोडे. कोनशिला बसते, हार घातले जातात, भाषणें होतात, पेढे वांटले जातात. पुढें त्या कोनशिलेवर शेवाळ चढतें, अक्षरें पुसट होतात, आणि नवे मंत्री आले म्हणजे तिच्याच शेजारीं दुसरी कोनशिला बसते. पुलाला खांब दोन आणि कोनशिला तीन, हा प्रकार केवळ विनोदी लेखकांच्या कल्पनेंतच असतो असें नाहीं.

या दिरंगाईचें कारण विचारलें असतां घरोघरीं दोन उत्तरें ऐकूं येतात. वृद्ध मंडळी म्हणतात, "साहेबाच्या राज्यांत असें होत नव्हतें." तरुण म्हणतात, "हातांत चाबूक घेतलेला एखादा खंबीर पुरुष वर बसला पाहिजे, मग पाहा कामें कशीं होतात तीं!" शाळेच्या वादविवादांत हीं दोन्ही मतें मीं मुलांच्या तोंडून ऐकलीं आहेत, आणि त्यांस टाळ्याहि पडलेल्या पाहिल्या आहेत. मला हीं उत्तरें अपुरीं, किंबहुना चुकीचीं वाटतात. कां, तें सांगण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम साहेबाच्या राज्याविषयीं. मुंबईहून पुण्यास जातांना जो बोरघाट लागतो, त्यांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू होऊन १८६३ सालीं पुरें झालें. पंधरासोळा मैलांच्या चढणीसाठीं पंचवीस बोगदे खणावे लागले, आणि कामाच्या ऐन भरांत सुमारें ४२ हजार मजूर त्या डोंगरांत राबत होते. सालोमन ट्रेडवेल नांवाचा मक्तेदार १८५९ सालीं येथें आला आणि थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तो मक्ता स्वतःच्या अंगावर घेऊन जाणत्या अभियंत्यांच्या साहाय्यानें तडीस नेला. ही गोष्ट आमच्या मुलींनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. परंतु त्याच घाटांत पटकीनें व तापानें हजारों मजूर मेले, आणि मजुरीच्या तक्रारींवरून १८५९ च्या आरंभींच तेथें दंगाहि उसळला होता. त्या मेलेल्यांपैकीं एकाचें तरी नांव आपणांपैकीं कोणास सांगतां येईल काय? ज्याच्या मरणाचा जाब विचारणारें कोणी नाहीं, अशा माणसाकडून काम करून घेणें हें नेतृत्व नव्हे. आणि एवढें होऊनहि त्या सोळा मैलांस सात वर्षें लागलींच!

आतां याच्या शेजारीं स्वराज्यांतील एक काम ठेवून पाहूं. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत गेलेला कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटर लांबीचा आहे. त्यांत लहानमोठे मिळून सुमारें दोन हजार पूल आणि नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळ करबुडे येथील बोगदा साडेसहा किलोमीटर लांब असून पानवलचा पूल दरीच्या तळापासून ६४ मीटर उंच आहे. होन्नावरास शरावतीच्या मुखावर बांधलेला पूल दोन किलोमीटरांहून अधिक भरतो. कोनशिला रोहें येथें १५ सप्टेंबर १९९० रोजीं बसली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध मार्गावरून प्रवाशांची पहिली गाडी धांवली. म्हणजे सव्वासात वर्षांहून थोडा अधिक काळ. खंडाळ्याच्या घाटास लागला, जवळजवळ तेवढाच.

हें घडलें कसें, याचा विचार करतांना प्रथम एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. कोकणांत आगगाडी यावी ही मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची होती. पावसाळा लागला कीं बोटी बंद होत, आणि घाटवाटांनीं एस्‌. टी. च्या गाडींत अंग आंबवून घेत चाकरमान्यांस गांव गांठावें लागे. अ. ब. वालावलकरांसारख्यांनीं या मार्गाचा ध्यास घेतला. बॅरिस्टर नाथ पै व मधु दंडवते यांनीं लोकसभेंत हा प्रश्न सतत जागता ठेविला. इतकें होऊन १९८६ सालीं लोहमार्ग कसाबसा रोह्यापर्यंत आला होता. मग १९८९ च्या डिसेंबरांत विश्वनाथ प्रताप सिंग यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. त्यांत जॉर्ज फर्नांडिस हे रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले. एकाची जन्मभूमि मंगळूर, दुसऱ्याचा मतदारसंघ राजापूर. योग असा जुळला खरा, पण तें मंत्रिमंडळ वर्षहि न भरतां नोव्हेंबर १९९० मध्यें कोसळलें!

म्हणजे ज्यांनीं हें काम हातीं घेतलें ते खंबीर पुरुष अकरा महिन्यांत खुर्चीवरून उतरले. चाबकानेंच कामें होत असतीं, तर चाबूक गेल्याबरोबर हें कामहि बंद पडावयास हवें होतें. तें पडलें नाहीं. कोनशिलेपासून पहिल्या गाडीपर्यंतच्या काळांत दिल्लीनें सहा पंतप्रधान पाहिले. कोकणांतले बोगदे मात्र खणले जातच राहिले. याचें कारण असें कीं, त्या अकरा महिन्यांत मंत्र्यांनीं हुकूम सोडण्यापेक्षां व्यवस्था उभारण्याकडे लक्ष दिलें. जुलै १९९० मध्यें या एका कामापुरतें स्वतंत्र महामंडळ स्थापन झालें. त्याच्या भांडवलांत रेल्वेचा वांटा शेंकडा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकीं ६ असा ठरला. उरलेली रक्कम मुख्यतः कर्जरोख्यांनीं उभारावयाची होती. दरसाल अर्थसंकल्पापुढें पदर पसरण्याची पाळी त्यामुळें बव्हंशी टळली. ज्या तीन राज्यांतून मार्ग जावयाचा, तीं राज्यें भागीदार झाल्यामुळें त्यांस काठावर उभें राहून गंमत पाहतां येईना. खरें राजकीय नेतृत्व मी यास म्हणतों. आपण उद्यां खुर्चीवर नसलों तरी काम चाललें पाहिजे, अशी तजवीज आजच करून ठेवणारे मंत्री विरळा. कारण तसें केल्यानें समारंभाच्या दिवशीं हार दुसऱ्याच्या गळ्यांत पडण्याचा संभव फार!

दुसरी गोष्ट माणसाच्या निवडीची. रेल्वे बोर्डावरून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांच्या हातीं हें महामंडळ सोंपविण्यांत आलें. हे गृहस्थ कोणी आकाशांतून पडले नव्हते. १९६४ च्या डिसेंबरांतील वादळानें रामेश्वरकडे जाणारा पांबनचा पूल उध्वस्त केला, तेव्हां तरुण श्रीधरन यांनीं समुद्रांत पडलेल्या लोखंडी तुळया शोधून वर काढविल्या, त्या पुन्हां बसविल्या, आणि ४६ दिवसांत पूल चालू करून दिला होता. म्हणजे निवड झाली ती कर्तबगारी पाहून. त्यांनीं सबंध मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येक सुमारें शंभर किलोमीटरांचा, आणि प्रत्येकावर एकेक मुख्य अभियंता नेमून जागच्या जागीं निर्णय घेण्याचे अधिकार त्यास दिले. कागद बेलापुरास पाठवावा, तेथून तो दिल्लीस जावा, आणि उत्तर येईपर्यंत पावसाळा उलटून जावा, हा क्रम त्यामुळें मोडला. मक्तेदाराचें बिल विनाकारण अडवावयाचें नाहीं, असाहि त्यांचा कटाक्ष होता. बिल अडविण्यांत ज्यांचा लाभ असतो त्यांस ही गोष्ट मुळींच रुचत नाहीं, हें सुज्ञ पालकांस सांगावयास नको. कार्यालयांतून उलटीं घड्याळें टांगलेलीं असत. किती वाजले हें तीं सांगत नसत, तर ठरलेल्या तारखेस किती दिवस उरले, एवढेंच सांगत.

तथापि या कामाचें नुसतें स्तोत्र गाणें म्हणजे अर्धें सत्य सांगण्यासारखें होईल. ठरविलेली मुदत पांच वर्षांची होती; ती टळली, आणि खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरांत जाऊन महामंडळ पुढें कित्येक वर्षें कर्जाच्या ओझ्याखालीं वांकलें. गोव्यांत पेडणें येथें डोंगराच्या पोटांत दगडाऐवजीं चिखलासारखी माती लागली. खणावें तितकी ती पुन्हां आंत येई, आणि त्या एका बोगद्यास सुमारें सहा वर्षें लागलीं. निसर्गास कोणाचाच हुकूम ऐकूं येत नाहीं. गोव्यांतच मार्गाच्या आंखणीवरून मोठी चळवळ झाली. खाजण जमिनींचें काय होणार, पाण्याचा निचरा कसा होणार, जुन्या वस्त्यांचें काय, असे प्रश्न लोकांनीं विचारले. १९९३ सालीं काम कांहीं महिने थांबलें, न्यायमूर्ति ओझा यांची चौकशी बसली, आणि अखेर बव्हंशीं पूर्वीच्याच आंखणीनें तें पुढें गेलें. कित्येक जण यास निव्वळ खोळंबा म्हणतात. मला तसें म्हणवत नाहीं. ज्याच्या शेतावरून रूळ जावयाचे त्यानें प्रश्न विचारला, तर तो विकासाचा वैरी ठरत नाहीं. प्रश्न आरंभींच ऐकून घेतला असतां तर तो स्वस्तांत सुटला असता, एवढेंच. या मार्गासाठीं चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांची जमीन घ्यावी लागली. त्यांतील बहुतेकांनीं ती कज्जेदलाली न करितां दिली, ही कोकणच्या माणसाची थोरवी आहे, आणि तिचा उल्लेख भाषणांतून फारसा होत नाहीं. आणखी एक हिशेब राहिला. हा मार्ग बांधतांना सत्तरांहून अधिक कामगार प्राणांस मुकले. घाटांतल्या हजारोंच्या मानानें हा आंकडा लहान. पण ज्या घरचा माणूस गेला त्या घरीं आंकडे मोजीत नाहींत.

आमच्या शाळेंतील मुलांस शास्त्राच्या तासाला नहेम्याची गोष्ट सांगितली जाते. यरुशलेमेचा पडलेला कोट त्यानें बावन्न दिवसांत उभा केला, एवढें बहुतेकांस पाठ असतें; परंतु त्या बावन्न दिवसांपूर्वीं त्यानें काय केलें, इकडे मुलांचें लक्ष जात नाहीं, आणि खरी मौज तर तेथेंच आहे. तो राजाचा प्यालेबरदार, सुखाची चाकरी. रजा मागतांना त्यानें परत येण्याची मुदत आधींच सांगितली. वाटेंतल्या सुभेदारांच्या नांवें परवान्यांचीं पत्रें मागून घेतलीं, आणि लांकडासाठीं राजाच्या वनपालास वेगळें पत्र. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर परवानग्या व सामग्री या दोहोंची सोय काम सुरू होण्यापूर्वींच झाली. शहरांत पोंहोंचल्यावर त्यानें सभा भरविली नाहीं. थोडीं माणसें बरोबर घेऊन रात्रीं पडका कोट स्वतः फिरून पाहिला, आणि मग लोकांपुढें गोष्ट काढिली. कामाची वांटणी करितांना पुष्कळांस आपापल्या घरासमोरचा भाग दिला. आपल्या दारापुढची भिंत कच्ची कोण ठेवील? त्या यादींत सोनार आहेत, गंधी आहेत, आणि आपल्या मुलींसह काम करणारा एक अधिकारीहि आहे. ज्यांनीं मान वांकविली नाहीं अशा एका गांवच्या सरदारांची नोंदहि तींत स्पष्ट केलेली आहे, हें मला विशेष आवडतें. काम ऐन रंगांत असतां गरिबांच्या जमिनी सावकारांकडे गहाण पडल्याची ओरड झाली, तेव्हां "आधीं कोट, मग तुमचें पाहूं" असें तो म्हणाला नाहीं. त्यानें सावकारांस बोलावून जमिनी परत करावयास लाविल्या. आणि अधिकारी म्हणून मिळावयाचा भत्ता त्यानें बारा वर्षें घेतला नाहीं. चाबूक या सर्व हकीकतींत कोठेंच दिसत नाहीं.

पुन्हां कोकणांत येऊं. मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ सालचा एक दगडी पूल होता. २ ऑगस्ट १९१६ नव्हे, शंभर वर्षांनंतरच्या २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं, म्हणजे अगदीं आपल्या काळांत, महापुरानें तो वाहून गेला, आणि एस्‌. टी. च्या दोन गाड्या व इतर वाहनें अंधारांत नदींत गेलीं. त्या जागीं नवा पूल १६५ दिवसांच्या कामांत बांधून झाला, आणि ५ जून २०१७ रोजीं, दुसरा पावसाळा लागण्यापूर्वीं, तो खुला करण्यांत आला. सरकारनें मनावर घेतलें म्हणजे काय होतें याचें हें उदाहरण म्हणून सांगतात, आणि तें खरेंहि आहे. पण हा पूल ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्याच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या तुकड्याचें रुंदीकरण २०११ सालीं सुरू झालें, आणि एक तप उलटून गेलें तरी तें पुरें झालें नव्हतें! रस्ता तोच, खातें तेंच, नदीनाले तेच. मग एका ठिकाणीं दिवस मोजले गेले आणि दुसऱ्या ठिकाणीं वर्षें, असें कां व्हावें?

तुलना पूर्णपणें न्याय्य नाहीं, हें मी प्रथमच मान्य करितों. पुलास नवी जमीन फारशी नको होती; काम एका जागीं होतें; आणि साऱ्या महाराष्ट्राचे डोळे त्या नदीकडे लागलेले होते. रस्त्यास मात्र गांवोगांवच्या जमिनी हव्या होत्या, कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यांतून जाण्याची परवानगी हवी होती, आणि मक्तेदाराची आर्थिक बाजू मध्येंच ढांसळली. हे सर्व अडथळे खरे. पण यांतला एकहि अडथळा असा नाहीं कीं जो कोनशिला बसविण्यापूर्वीं दिसूं शकला नसता. अभयारण्य कांहीं रातोरात उगवलें नाहीं. आधीं नारळ, मग नकाशा, मग जमीन, मग परवानगी, आणि शेवटीं पैसा, असा उलटा क्रम लाविला म्हणजे काम रखडणारच. त्यास दैव काय करणार? या दिरंगाईची किंमत रुपयांतच मोजली जाते असें नाहीं. त्या खड्ड्यांतून गणपतीस गांवीं निघालेलीं कुटुंबें वर्षानुवर्षें प्रवास करीत होतीं, आणि कित्येक घरीं पोंहोंचलीं नाहींत. विदर्भांतील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ सालीं राजीव गांधी यांच्या हस्तें बसली. आरंभींचा अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढें कित्येक हजार कोटींवर गेला. त्या वर्षीं जन्मलेलें शेतकऱ्याचें पोर बाप झालें, तरी कालव्यांचें काम चालूच होतें.

मंत्र्यांवर व अधिकाऱ्यांवर बोट ठेवणें सोपें आहे. पण आपल्याहि हाताकडे थोडें पाहिलें पाहिजे. रस्ता येणार अशी कुणकुण लागतांच भरपाईच्या आशेनें रातोरात छपरें उभीं करणारे आपलेच भाऊबंद असतात. मक्ता आपल्या सोयऱ्यास मिळावा म्हणून आमदारांच्या ओट्यावर बसणारेहि आपणच. आणि काम नीट करूं पाहणाऱ्या अधिकाऱ्याची मध्येंच बदली झाली, तर त्याबद्दल एक पत्र लिहिण्याचा उत्साह आपणांत नसतो. कोणतेंहि मोठें काम चालू असतां त्यावरील मुख्य माणूस, दोष घडल्यावांचून, काम पुरें होईपर्यंत हलवूं नये, एवढा एकच नियम कडकपणें पाळला गेला तर निम्मी दिरंगाई नाहींशी होईल, असें माझें मत आहे. कारण आज ज्यानें आरंभ केला तो उद्यां दुसऱ्या जिल्ह्यांत, आणि परवां जो येतो तो म्हणतो, "हें माझ्या वेळचें नव्हे."

"हें माझ्या वेळचें" असें म्हणणारा माणूस कसा असतो, तेंहि सांगतों. श्रीधरन पुढें दिल्लीच्या मेट्रो रेल्वेचे प्रमुख झाले, आणि तेथील कामाच्या वक्तशीरपणाची कीर्ति सर्वत्र झाली. १२ जुलै २००९ रोजीं त्या कामांतील एक पूल बांधतां बांधतां कोसळला, आणि सहा माणसें ठार झालीं. चौकशी होऊन दोष कोणाचा तें ठरेपर्यंत ते थांबले नाहींत; नैतिक जबाबदारी आपली असें सांगून त्याच दिवशीं त्यांनीं राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनीं तो स्वीकारला नाहीं, आणि ते कामावर राहिले. ज्यास यशाचा हार घेण्याचा अधिकार आहे, त्यानेंच अपयशाचा धोंडाहि गळ्यांत बांधून घ्यावा, ही रीत आपल्याकडे इतकी दुर्मिळ झाली आहे कीं, त्या राजीनाम्याची बातमी वाचून लोकांस प्रथम आश्चर्यच वाटलें.

आणि काम पुरें झालें म्हणजे तरी तें सुटतें काय? २२ जून २००३ च्या रात्रीं वैभववाडीजवळ कोसळलेल्या दरडीवर कोकण रेल्वेची गाडी आदळून पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. पुढच्याच वर्षीं जून महिन्यांत करंजाडीनजीक मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. घाईनें कापलेल्या डोंगरांचे उतार पुन्हां हातीं घ्यावे लागले, दरडींवर जाळ्या बसवाव्या लागल्या, उंच पुलांवर वारा मोजण्याचीं यंत्रें लाविलीं, आणि पावसाळ्यांत गाड्या सावकाश चालवाव्यात म्हणून वेगळें वेळापत्रक आलें. आजहि मृगाचा पाऊस लागला कीं गस्तवाले कंदील घेऊन रात्रभर रुळांवरून चालत असतात; गाडींत निजलेल्या प्रवाशास त्यांचा पत्ताहि नसतो. जुलै २०२४ मध्यें पेडण्याच्या त्याच बोगद्यांत पाणी शिरलें, गाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि ज्या मातीशीं पहिल्या कामगारांनीं सहा वर्षें झुंज दिली होती, तिच्याशीं दुसऱ्या पिढीचे कामगार पुन्हां झुंजावयास आंत उतरले.